नागफणीचा ‘चा’

मावळातल्या कुरवंडे गावापासून पठारावरून चालत गेलं की घाटमाथा एका जागी तुटतो आणि खाली थेट कोकण दिसू लागतं. त्या तुटलेल्या कडेवर एक सुळका पुढे झेपावलेला आहे. त्याला दोन नावं आहेत. गावातली माणसं त्याला नागफणी म्हणतात. मुंबईपुण्याकडून दोर घेऊन येणारी तरुण मंडळी त्याला ड्यूक्स नोज म्हणतात. एकाला त्यात नागाचा उगारलेला फणा दिसला, दुसऱ्याला एका इंग्रज सरदाराचं बाकदार नाक दिसलं. हा फरक सगळेच सांगतात. त्याच्या पुढची गोष्ट फारशी कोणी पाहत नाही: दोन्ही नावांत एक मालक आहे आणि एक मालकीची वस्तू आहे. नागाची फणी, ड्यूकचं नाक. दोन्ही नावं षष्ठीची आहेत. मराठी नावाने ही षष्ठी समासात मुरवून टाकली, इंग्रजी नावाने ती एका ‘स’ने बाहेर टांगून ठेवली.

आधी या ड्यूकचा हिशेब करून टाकू. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक, आर्थर वेलस्ली. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी तो १८०३च्या एप्रिलात पुण्यात आला, त्याच वर्षी सप्टेंबरात असईची लढाई त्याने जिंकली आणि १८०५मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला. त्याच्या नाकावरून त्याचे सैनिक त्याला टोपणनावाने ओळखत, इतकं ते नाक नावाजलेलं. पण ड्यूक ही पदवी त्याला मिळाली १८१४ साली. म्हणजे तो या मुलखात वावरत होता तेव्हा या सुळक्याला ड्यूकचं नाक म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं. तेव्हा तो नुसता जनरल होता. नाव मागाहून ठेवलं गेलं. ‘ड्यूक’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘डुक्स’वरून आला, त्याचा अर्थ पुढे नेणारा. आपला ‘नायक’ही ‘नी’ धातूपासून आलेला, नेणाराच. ‘नोज’ तर आपल्या ‘नासा’, ‘नासिका’ यांचं सख्खं चुलत भावंड आहे. इंडो-युरोपीय कुळातल्या एकाच मुळापासून दोघं निघाले. तेव्हा ‘ड्यूक्स नोज’मधला एकही तुकडा वाटतो तितका परका नाही.

आणि तो मधला ‘स’? त्याचीही सोयरीक आपल्याकडे आहे.

जुन्या इंग्रजीत बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांच्या एकवचनी षष्ठीला ‘एस’ असा प्रत्यय लागे. इतर नामांची षष्ठी वेगळ्या प्रत्ययांनी होई. पुढे इंग्रजीची विभक्तिरूपं झिजत गेली, बाकीचे प्रत्यय गळाले आणि हा एकटा सगळ्यांचा कारभार पाहू लागला. त्यातला स्वर बुडाला, ‘स’ उरला. त्या बुडालेल्या स्वराची खूण म्हणून वर तो लोंबता स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी, आला. तो फ्रेंचांकडून सोळाव्या शतकात घेतलेला आणि षष्ठीच्या कामाला पक्का जुंपला गेला तो त्याहून बराच नंतर. संस्कृतातल्या ‘रामस्य’, ‘देवस्य’मध्येही हाच षष्ठीचा सकार आहे. प्राकृतात त्याचं ‘रामस्स’ झालं. प्राकृतात चतुर्थी जवळजवळ संपली होती आणि तिचं काम षष्ठी करत होती. म्हणून आपल्या ‘रामास’, ‘देवास’ या चतुर्थीतला ‘स’ हा त्या जुन्या षष्ठीचाच अवशेष, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘ड्यूक्स’मधला ‘स’ आणि ‘रामास फळ दे’मधला ‘स’ हे एकाच घराण्यातले निघतात. ‘रामास दोन भाऊ आहेत’ असं आपण अजून म्हणतो तेव्हा त्या ‘स’मध्ये मालकीचा जुना अर्थ अजून जागा असतो.

इंग्रजांनाही हा ‘स’ कुठून आला याचा मध्यंतरी विसर पडला होता. सोळाव्या-सतराव्या शतकात पुष्कळांना वाटे की तो ‘हिज’ या सर्वनामाचा आक्रसलेला तुकडा आहे, आणि म्हणून ते तसंच लिहीत: राजा त्याचा घोडा, अशा धर्तीवर. बेन जॉन्सनच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचं नावच ‘सेजेनस हिज फॉल’ असं आहे. व्युत्पत्ती म्हणून ही समजूत चूक आहे, पण बोलणाऱ्यांच्या कानाने एक गोष्ट बरोबर पकडली होती. तो ‘स’ आता प्रत्ययासारखा वागेनासा झाला होता. सुट्या शब्दासारखा कुठेही जाऊन बसत होता. आपल्या सुळक्याचंच पूर्ण नाव घ्या: ‘द ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स नोज’. नाक ड्यूकचं, आणि ‘स’ चिकटला वेलिंग्टनला! वेलिंग्टन हे तर सॉमरसेटमधलं एक गाव. आपण असं करणार नाही. आपण म्हणू ‘वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक’. प्रत्येक मालकाच्या मागे त्याचा त्याचा प्रत्यय, रांगेत.

ही रांग हा मराठीचा मोठा गुण आहे. ‘कुरवंड्याच्या पठारावरच्या नागफणीच्या टोकावरचा वारा’ हे वाक्यखंड मोठ्याने म्हणून पाहा. चार ठिकाणी ‘चा’ आला, पण तीन ठिकाणी तो ‘च्या’ झाला आणि शेवटी मात्र ‘चा’ राहिला, कारण शेवटी वारा आहे, पुल्लिंगी आणि मोकळा. तिथे हवा असती तर ‘टोकावरची’, धुकं असतं तर ‘टोकावरचं’. बाकीची नामं विभक्तिप्रत्यय घेऊन वाकलेली, म्हणून त्यांच्या आधीचा ‘चा’ही वाकला. इंग्रजी ‘स’ हा मालकाला चिकटतो आणि मालकाचाच राहतो. पुढे नाक असो की टोपी, त्याला फरक पडत नाही. मराठी ‘चा’ मात्र मालकाला चिकटून वस्तूकडे तोंड करतो. तिचं लिंग, वचन, सगळं अंगावर घेतो. षष्ठी ही खरी विभक्ती की नामापासून बनवलेलं विशेषण, असा खल मराठी व्याकरणात झाला तो यामुळेच. माझं मत विशेषणाच्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण ‘चा’च्या कुळात आहे.

‘चा’ आला कुठून? एक मत असं की तो ‘कृत्य’पासून, प्राकृत ‘किच्च’च्या वाटेने आला. दुसरं मत त्याला संस्कृतातल्या ‘त्य’ या प्रत्ययापर्यंत नेतं. दाक्षिणात्य, पाश्चात्त्य, पौरस्त्य या शब्दांतला हा ‘त्य’. प्राकृतात ‘त्य’चं ‘च्च’ होतं, जसं सत्यचं सच्च. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘आमचं’, ‘तुमचं’ या अर्थाची ‘अम्हेच्चय’, ‘तुम्हेच्चय’ अशी रूपं नोंदली आहेत. ती वाचताना ‘आमचा-तुमचा’ कानाशी आल्याशिवाय राहत नाही. मला हे दुसरं मत पटतं, आणि ते पटण्याला ध्वनींइतकंच अर्थाचंही कारण आहे. हा ‘त्य’ संस्कृतात मालकी दाखवत नव्हता. तो अव्ययाला लागून त्याचं विशेषण करत होता: इह म्हणजे इथे, इहत्य म्हणजे इथला, तत्र म्हणजे तिथे, तत्रत्य म्हणजे तिथला. आणि व्याकरणपरंपरेने त्याला मुभा दिली तीही मोजक्या अव्ययांमागे, बहुतेक स्थळ दाखवणाऱ्या.

आता आजची मराठी पाहा. वरचा, खालचा, पुढचा, मागचा, कालचा, उद्याचा, केव्हाचा, कधीचा. इथे मालक कोण आहे? कोणीच नाही. ‘काल’ हा पावसाचा मालक नाही, ‘खाली’ ही गावाची मालकीण नाही. ‘चा’ इथे त्याचं जुनं काम करतो आहे: क्रियाविशेषण घ्यायचं आणि नामाला जोडता येईल असं करून द्यायचं. ‘काल पाऊस पडला’ यात ‘काल’ पडण्याबद्दल सांगतो. ‘कालचा पाऊस’ यात तोच ‘काल’ पावसाबद्दल सांगतो. आणि रीतिवाचक अव्ययांना मात्र हा ‘चा’ आजही लागत नाही. ‘हळूहळूचा’, ‘भराभरचा’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘हळूहळू होणारी झीज’, ‘एकाएकी आलेली सर’ असं क्रियापदाचं रूप मधे घ्यावं लागतं. स्थळकाळाशी असलेलं ते जुनं नातं ‘चा’ने सोडलेलं नाही. मालकी ही त्याची नंतरची बढती. ‘पुण्याचा माणूस’ म्हणजे आधी पुण्यात असणारा माणूस. ‘पाटलाचा वाडा’ हे त्यावरून पुढे.

तीच गोष्ट ‘कुरवंड्याचा’ या रूपाची.  

हे सगळं एखाद्या खऱ्या घटनेवर लावून पाहावं, आणि कुरवंड्याला घटना शोधायला लांब जावं लागत नाही. गावावरून कोकणात उतरणारी जुनी घाटवाट आहे. खाली चावणी गावाजवळ उंबरखिंड. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता, त्याने कार्तलबखानाला कोकण जिंकायला धाडलं. खान रायबागन या सरदारणीसह फौज घेऊन या घाटाने खाली उतरला आणि दाट रानातल्या त्या अरुंद वाटेत अडकला. १६६१च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी त्याला तिथे गाठलं. पुढेही वाट बंद, मागेही बंद. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन परत गेला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त ही हकीकत आहे.

आता ही वाक्यं पाहा.

‘महाराजांनी खानावर अचानक हल्ला केला.’ सरळ वाक्य. यातली क्रिया आपल्याला नामासारखी वापरायची आहे, ‘त्यामुळे फौज गोंधळली’ असं पुढे म्हणायचं आहे. दोन वाटा आहेत. पहिली: ‘महाराजांचा खानावरचा अचानक हल्ला’. दुसरी: ‘महाराजांचं खानावर अचानक तुटून पडणं’. पहिल्या वाटेने गेलात तर ‘खानावर’ला ‘चा’ लावावा लागला. दुसऱ्या वाटेने गेलात तर तो लावायची गरजच पडली नाही. ‘खानावर’ होतं तसंच राहिलं. का? कारण ‘हल्ला’ हे पुरतं नाम आहे, त्याला विशेषण हवं, आणि ‘खानावर’ हा शब्द ‘चा’चा उंबरठा ओलांडल्याशिवाय विशेषणांच्या घरात येऊ शकत नाही. ‘पडणं’ मात्र अजून क्रियापद आहे. नामाचा अंगरखा घातला तरी आत क्रिया चालू आहे. त्याला जागा सांगणारे, रीत सांगणारे शब्द थेट येऊन चिकटतात. ‘खिंडीत अडकणं’, पण ‘खिंडीतली कोंडी’. ‘खाली उतरणं’, पण ‘खालची उतरण’. ‘घाटातून जाणं’, पण ‘घाटातला प्रवास’. मराठी बोलणारं चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही, आणि हा नियम आहे हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

इंग्रजीत नेमकी हीच दोन घरं आहेत. ‘शिवाजीज सडन अटॅक ऑन द खान’ आणि ‘शिवाजीज सडनली अटॅकिंग द खान’. पहिल्यात अटॅक हे नाम, म्हणून ‘सडन’ हे विशेषण, आणि खानाला जोडायला मधे ‘ऑन’. दुसऱ्यात अटॅकिंग अर्धं क्रियापद, म्हणून ‘सडनली’ हे क्रियाविशेषण, आणि खान थेट कर्म. आपल्या मुलांना शाळेत जेरंड म्हणून जे शिकवतात आणि ज्याने त्यांच्या पोटात गोळा येतो, ते एवढंच आहे. शब्दाच्या आत क्रिया जिवंत असेल तर क्रियाविशेषण येतं, ती गोठून वस्तू झाली असेल तर विशेषण येतं, आणि षष्ठी दोन्हींच्या आधी बसू शकते.

इंग्रजीतला हा ‘इंग’ मुळात एक नव्हता. जुन्या इंग्रजीत क्रियापदापासून नाम करायला ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय होता आणि ‘करत असलेला’ या अर्थाच्या धातुसाधित विशेषणाला ‘एंडे’ असा दुसराच. मधल्या काळात दोघांचे उच्चार एकमेकांत मिसळून एकच ‘इंग’ उरला. नामाचा ‘इंग’ पूर्वी नामासारखाच वागे: पुस्तकाचं वाचन, या धर्तीवर त्याला ‘ऑफ’ लागे. विशेषणाच्या ‘इंग’शी मिसळल्यावर त्याच्यात क्रियापदाचे गुण बळावले, तो कर्म थेट घेऊ लागला, क्रियाविशेषणं जवळ बाळगू लागला. आपल्याकडे या दोन अवस्था दोन वेगळ्या शब्दांत राहिल्या आहेत. ‘वाचन’ आणि ‘वाचणं’ दोन्ही संस्कृत ‘अन’ प्रत्ययाच्या घरातले. ‘वाचन’ तसंच उचललेलं, ‘वाचणं’ लोकांच्या तोंडून घडत आलेलं. म्हणून ‘पुस्तकाचं वाचन’, पण ‘पुस्तक वाचणं’. ‘सखोल वाचन’, पण ‘भराभर वाचणं’. इंग्रजीने एकाच ‘रीडिंग’मध्ये जे दोन्ही कोंबलं ते मराठीने दोन शब्दांत वाटून घेतलं, आणि या बाबतीत मराठी जास्त स्पष्ट आहे असं मी म्हणेन.

अर्थात आपल्याकडेही काही ‘णं’वाले शब्द दोन्ही घरांत वावरतात. गाणं, खाणं, बोलणं, वागणं. ‘तिचं आवडतं खाणं’ म्हटलं की ताटातला पदार्थ दिसतो. ‘तिचं भराभर खाणं’ म्हटलं की घास घेणारी ती दिसते. शब्द तोच, षष्ठी तीच. शेजारी विशेषण आलं की क्रियाविशेषण, यावर पदार्थ की क्रिया ते ठरलं. इंग्रजीतल्या ‘बिल्डिंग’चं असंच आहे: शेजारी ‘उंच’ आलं की इमारत, ‘लवकर’ आलं की बांधकाम.

आता थोडी वादाची जागा. एच. डब्ल्यू. फाउलर हा इंग्रजीच्या शुद्धाशुद्धतेचा मोठा अधिकारी. ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ हा त्याचा कोश १९२६ साली निघाला. ‘इंग’च्या आधी षष्ठीच हवी, असा त्याचा आग्रह. ‘हिज गोइंग’ बरोबर, ‘हिम गोइंग’ चूक. त्या दुसऱ्या रचनेला त्याने एक तिरस्काराचं नावच देऊन टाकलं होतं. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने त्याला उत्तर दिलं. शतकानुशतकांच्या चांगल्या लेखकांमधून त्याने उदाहरणं काढून दाखवली, आणि लांब पदसमूहाला किंवा कित्येक सर्वनामांना षष्ठी लावताच येत नाही तेव्हा काय करायचं, हेही विचारलं. माझ्या मते येस्पर्सन जिंकला, आणि मराठी माणसाला तो का जिंकला हे इंग्रजापेक्षा लवकर कळतं. कारण आपल्याकडे दोन्ही रचना आहेत, दोन्ही शुद्ध आहेत आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

‘पावसाळ्यात पोरांनी नागफणीच्या टोकावर जाणं बरं नाही.’ ‘पावसाळ्यात पोरांचं नागफणीच्या टोकावर जाणं गावाला पसंत नाही.’ पहिल्यात पोरं अजून गेलेली नाहीत. जाऊ नयेत, एवढं म्हणणं आहे. दुसऱ्यात ती जातात, गेली आहेत, आणि त्या जाण्याबद्दल गावाचं मत आहे. ‘मी तिथे जाणं शक्य नाही’ आणि ‘माझं तिथे जाणं त्याला खटकलं’. यांची अदलाबदल करून पाहा. ‘माझं तिथे जाणं शक्य नाही’ चालून जाईल, पण ‘मी तिथे जाणं त्याला खटकलं’ हे कानाला लागतं. षष्ठी लागली की क्रिया कर्त्याच्या नावावर जमा होते, तिची नोंद होते. कर्ता प्रथमेत किंवा तृतीयेत राहिला की ती अजून हातात असते, करायची की नाही ते ठरायचं असतं. हा भेद फाउलरच्या एकवट नियमात मावला नसता. भाषेत दोन रूपं नांदत असतील तर एकाला हाकलण्याआधी दोघांची कामं वेगळी आहेत का ते पाहावं.

षष्ठीचं एक दुखणं मात्र दोन्ही भाषांत सारखं आहे. ‘खानाचा हल्ला’ म्हटलं तर खान हल्ला करणारा. ‘खानाचा पराभव’ म्हटलं तर खान पराभव सोसणारा. प्रत्यय एकच, भूमिका उलट्या. ‘शत्रूची भीती’ यात भीती आपल्याला वाटते, ‘आईची माया’ यात माया आईला वाटते. ‘महाराजांचं स्मरण’ यात स्मरण करणारे आपण. पाणिनीने हे पाहिलं होतं. त्याचं सांगणं असं: धातूपासून बनलेल्या नामाजवळ कर्ताही षष्ठीत येतो, कर्मही षष्ठीत येतं, पण दोन्ही एकदम यायची वेळ आली तर षष्ठी कर्माला द्यावी. मग कर्ता जाईल कुठे? तृतीयेत. आता मराठीत बोलून पाहा. ‘महाराजांचा खानाचा पराभव’ कुणाच्याही तोंडून निघणार नाही. आपण म्हणतो ‘महाराजांनी केलेला खानाचा पराभव’. कर्म षष्ठीत, कर्ता तृतीयेत. अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना असलेला तो नियम आपण रोज पाळतो आहोत. इंग्रजीतही एक वाट अशीच आहे, ‘द डिफीट ऑफ द खान बाय शिवाजी’. पण तिथे दुसरीही आहे, ‘शिवाजीज डिफीट ऑफ द खान’. इंग्रजीला दोन षष्ठ्या एकत्र चालतात, कारण तिच्याकडे ‘स’ आणि ‘ऑफ’ अशी दोन साधनं आहेत: ‘स’ नामाच्या आधी, ‘ऑफ’ नामानंतर. आपल्याकडे एकच ‘चा’, आणि तो नेहमी आधीच. पाणिनीने षष्ठीच्या मूळ अर्थाला ‘शेष’ म्हटलं आहे, कारकं वाटून झाल्यावर जो उरतो तो संबंध. उरलेल्यात सगळंच येतं, म्हणून ही विभक्ती इतकी कामाची, आणि इतकी निसटतीही.

क्रियाविशेषणांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपली मुलं इंग्रजीत सर्वात जास्त तिथेच अडखळतात. इंग्रजीतला ‘ली’ हा जुन्या ‘लिक’ या शब्दापासून आला, त्याचा अर्थ शरीर, आकार. ‘स्लोली’ म्हणजे मुळात ‘संथ अंगाने’. ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ही त्याच कुळातला. आपला ‘पणे’ वेगळ्या वाटेने आला: वैदिक ‘त्वन’चं प्राकृतात ‘प्पण’, त्याचं मराठी ‘पण’, आणि त्याला तृतीयेचा ‘ए’. ‘शांतपणे’ म्हणजे ‘शांतपणाने’. इंग्रजीने रीत सांगायला अंग वापरलं, मराठीने गुण. पण मराठीची खरी गंमत ‘पणे’त नाही. ती ‘तो चांगला पोहतो, ती चांगली पोहते, पोर चांगलं पोहतं’ यात आहे. ‘चांगला’ इथे पोहण्याबद्दल सांगतो, पण लिंगवचन घेतो पोहणाऱ्याचं. काम क्रियाविशेषणाचं, पेहराव विशेषणाचा. हे ज्याच्या कानात मुरलं आहे तो ‘ही स्विम्स गुड’ लिहिणारच. त्यात अक्कल कमी असल्याचा काही भाग नाही. त्याची भाषा कर्त्यापासून क्रियेचा गुण तोडत नाही, इंग्रजी तोडते, आणि हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मालकीचंही तसंच. इंग्रजी एका ‘हॅव’वर भागवते: भाऊ हॅव, पुस्तक हॅव, ताप हॅव. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला ताप आहे’, आणि जमीन असेल तर ‘माझी दोन एकर जमीन आहे’. रक्ताचं नातं, हातातली वस्तू, अंगातलं दुखणं, नावावरची मालमत्ता, यांना आपण एका दावणीला बांधत नाही. तरीही शाळेत ‘आय हॅव’चं भाषांतर ‘माझ्याजवळ आहे’ असं एकच शिकवतात आणि मग मूल ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असं लिहितं. इथे इंग्रजीपेक्षा मराठीचं जास्त नुकसान झालं.

नुकसान आणखी एका वाटेने होतं. कचेऱ्यांच्या मराठीने क्रियापदं गोठवून नामं करण्याचा सपाटा लावला आहे. ‘झाडं तोडली’ याचं ‘वृक्षतोडीची कार्यवाही करण्यात आली’. ‘डोंगर फोडला’ याचं ‘उत्खननाचे काम पूर्ण करण्यात आले’. क्रिया नाम झाली की कर्ता सांगण्याची सक्ती संपते, आणि ‘ण्यात आले’ने उरलासुरला कर्ताही जातो. झाडं कोणी तोडली हे वाक्यात विचारायला जागाच राहत नाही. मावळच्या डोंगरांवर गेल्या काही दशकांत जे झालं ते सांगायला आपल्याला क्रियापदं हवी आहेत, कर्त्यासकट.

षष्ठीच्या अपॉस्ट्रॉफीचा गोंधळ मात्र मी फार मनावर घेत नाही. लंडनमध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकाच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे आणि जवळच्याच बॅरन्स कोर्टच्या नावात नाही. अमेरिकेत स्थलनामांसाठी १८९०मध्ये नेमलेलं मंडळ सुरुवातीपासून ती खूण नावांतून वगळत आलं आहे. आपल्या महाबळेश्वरातही ‘आर्थर्स सीट’ आणि ‘केट्स पॉइंट’ षष्ठीचे, पण ‘विल्सन पॉइंट’ आणि ‘एल्फिन्स्टन पॉइंट’ नुसतं नाव पुढे ठेवून झाले. ‘नागफणी’च्या रीतीने. इंग्रजीलाही समास करता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

मावळातल्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या सर आणि बाईंना माझी एक विनंती आहे. जेरंडचा धडा आला की व्याख्या बाजूला ठेवा. फळ्यावर आधी ‘खानावर तुटून पडणं’ आणि ‘खानावरचा हल्ला’ लिहा, आणि एका ठिकाणी ‘चा’ का आला, दुसऱ्या ठिकाणी का नाही, ते मुलांना विचारा. उत्तर त्यांना येतं. त्यांनी ते आपल्या तोंडाने सांगितल्यावर मग शेजारी ‘सडन अटॅक’ आणि ‘सडनली अटॅकिंग’ लिहा.